शिधा हलका, पाठ दुसऱ्याची

रतनवाडीहून रतनगड, तिथून कात्राबाईची खिंड ओलांडून कुमशेत, मग पाचनई, हरिश्चंद्रगड आणि तोलार खिंडीतून खाली खिरेश्वर. हा तीन-चार दिवसांचा ट्रेक करणाऱ्यांना वाटा, शिड्या, लेणी आणि पाण्याची टाकी यांबद्दल हवे तितके मार्गदर्शन मिळते. मेटकूट कोणाच्या सॅकमध्ये असावे, याविषयी मात्र अधिकारवाणीने कोणी बोलत नाही. ती उणीव येथे भरून काढत आहोत.

नियोजनाची सुरुवात बैठकीने करावी. बैठकीत एक सदस्य हमखास म्हणतो, “कांदे-बटाटे घेऊ, बाकी काय ते तिथे बघू.” या सदस्याला तात्काळ खजिनदार नेमावे आणि शिध्यापासून दूर ठेवावे. बटाट्यात सुमारे ८० टक्के पाणी असते, कांद्यात त्याहून जास्त. काकडीबद्दल सभ्य समाजात बोलू नये. म्हणजे पाच किलो बटाटे घेतलेला माणूस चार लिटर पाणी सालासकट पाठीवर टाकून भंडारदऱ्याच्या जलाशयाकाठी चालत असतो. ते धरण १९२६ सालीच बांधून झाले आहे. पाण्याची सोय सरकारने केलेली असताना खासगी प्रयत्नांची गरज नव्हती.

हलके खायचे तर गणित करावे लागते. पिष्ट पदार्थ आणि प्रथिने ग्रॅममागे ४ कॅलरी देतात, तूप-तेल ९. शंभर ग्रॅम भाजक्या शेंगदाण्यांत साडेपाचशेच्या वर कॅलरी असतात, तेवढ्याच कांद्यात जेमतेम ४०. त्यामुळे शेंगदाणे, सुके खोबरे, तीळ, गूळ, तूप यांना बैठकीत मतदानाचा अधिकार द्यावा आणि भाज्यांना निरीक्षक म्हणून बसवावे. या हिशेबाने माणशी दिवसाला ६५० ग्रॅम कोरडा शिधा पुरतो. तीन दिवसांचा ऐवज दोन किलोच्या आत बसतो. कागदावर हे फार सुंदर दिसते. कागद घरी नेऊ नये.

घरी आई असते.

“आई, दोन किलोच न्यायचंय गं.”

“हो रे, थोडंसंच दिलंय.”

थोडेसे म्हणजे दशम्या, गूळपोळ्या, लसणाची चटणी, शंकरपाळे आणि ‘त्या तुझ्या मित्राला आवडतात म्हणून’ बेसनाचे लाडू. पदार्थांच्या निवडीत खोट काढता येत नाही, हे तज्ज्ञांनी मान्य केलेले बरे. दशमीचे पीठ पाण्याऐवजी दुधात भिजवतात, म्हणून ती दुसऱ्या दिवशीही मऊ राहते. गूळपोळी तर ट्रेक संपला तरी टिकते. आणि कोरड्या चटणीच्या चार चिमट्यांनी करपलेला भातसुद्धा पोटात जातो. गिर्यारोहणाच्या दुकानात चकचकीत पाकिटातून जे महागड्या दराने मिळते ते आपल्याकडे सणासुदीला फुकट होते. घोळ आहे तो डब्याचा. तीन कप्प्यांचा स्टीलचा डबा रिकामाच पाऊण किलोला टेकतो. त्यावर उपाय म्हणजे जिन्यात उभे राहून सगळे पिशव्यांत भरावे आणि डबा शेजारच्या काकूंकडे ठेवून पुढे निघावे. परतताना तो आठवणीने घ्यावा. मुलगा गुडघे फोडून परतला तर हळद लावता येते; डब्याचे झाकण परतले नाही तर त्यावर औषध नाही.

पोह्यांचा चिवडा नेऊ नये. वजन नाही हे खरे, पण तो अर्धी सॅक व्यापतो, आणि रतनगडाची दुसरी शिडी येईपर्यंत त्याचे सातूचे पीठ झालेले असते. सातूचेच पीठ हवे असेल तर ते सरळ न्यावे. गूळ आणि पाणी घालून कालवले की नाश्ता संपला.

खरी परीक्षा रात्रीच्या जेवणाची. येथे तूरडाळीचे नाव काढणाऱ्यास समज द्यावी. चौदाशे मीटर उंचीवर पाणी ९५ अंशांच्या आसपासच उकळते. कुकर सोबत नसेल तर तूरडाळ रात्रभर आपल्याकडे बघत राहते आणि मंडळी गॅसच्या नळकांड्याकडे. मुगाची डाळ आणि तांदूळ घरीच कोरडे भाजून, त्यात हळद, तिखट, मीठ, जिरे आणि सुक्या खोबऱ्याचा कीस घालून एकेका जेवणाची पुडी बांधावी. माणशी सव्वाशे ग्रॅम तांदूळ आणि पन्नास ग्रॅम डाळ पुरते. पुडीवर ‘रात्र पहिली’, ‘रात्र दुसरी’ असे लिहावे, नाहीतर पहिल्याच रात्री दोन्ही शिजतात. उपम्याचा रवाही असाच भाजून, फोडणीसकट गार करून न्यावा. आमसुले चार घ्यावीत. मूठभर मटकी सकाळी भिजवून ओल्या फडक्यात बांधली आणि सॅकच्या वरच्या कप्प्यात ठेवली, तर दुसऱ्या संध्याकाळी मोड येऊन उसळीला तयार होते. संपूर्ण ट्रेकमध्ये चालताना प्रगती करणारी ती एकमेव सदस्य.

सोडे न्यावेत की नाही, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. वजनाला कापूस, चवीला कोकण. पण एकदा वास सुटला की तुकडीतील शाकाहारी सदस्य वेगळा तंबू मागतो आणि गडावरची कुत्री त्याच्या जागी झोपायला येतात. तूप घट्ट फिरकीच्या झाकणाच्या बरणीत न्यावे. डिसेंबरच्या पहाटे ते दगड असते, कात्राबाईच्या चढावर दुपारी पातळ होते आणि संध्याकाळी झोपण्याच्या पिशवीत सापडते. जाता जाता: हे अभयारण्य आहे, येथे चूल पेटवू नये. धुराची चव हवीच असेल तर खिचडी थोडी लागू द्यावी.

आता मुख्य शास्त्राकडे वळू. शिध्याचे वजन कमी होण्याला मर्यादा आहे. ते दुसऱ्याच्या सॅकमध्ये जाण्याला नाही. नेत्याने सर्व पुड्या अंगणात मांडाव्यात, क्षणभर गंभीर व्हावे आणि सर्वांत जड दिसणारी ‘रात्र पहिली’ची पुडी, सोबत दशम्या आणि लाडू, स्वतःकडे ओढून म्हणावे, “जड मी घेतो.” सगळे गहिवरतात. रात्री रतनगडाच्या गुहेत ही पुडी संपते आणि दुसऱ्या सकाळी नेता मोकळ्या पाठीने वाट दाखवायला पुढे होतो. शेवटच्या दिवसाचा शिधा तुकडीतील सर्वांत नव्या, होतकरू सदस्याला द्यावा. तो शिडीवरून, खिंडीतून, ओढ्यातून तसाच अखंड जातो. “तुझ्यावर सगळ्यांचा भरवसा आहे” एवढे त्याला अधूनमधून सांगावे. गूळदाणी मात्र ज्याला शेंगदाण्याने पित्त होते त्याच्याकडेच द्यावी. इतर कोणाच्याही सॅकमध्ये तिला पाय फुटतात.

एवढे काटेकोर नियोजन कुमशेतला पोहोचते आणि एका घराच्या ओट्यावर बसते. आतून आवाज येतो, “भाकरी टाकू का?” येथे नेत्याने ठाम राहावे, असे आम्ही सुचवले असते. पण चुलीवर पिठले रटरटत असते, पाट्यावर ठेचा वाटला जात असतो, आणि तुकडीतील एकानेही पुडीचे नाव काढलेले नसते. या जेवणाची नोंद वहीत ‘आकस्मिक खर्च’ अशी करावी, पैसे घासाघीस न करता द्यावेत आणि ‘रात्र दुसरी’ मूळ जागी परत बांधावी. मटकी वाढतच असते.

पुढे हरिश्चंद्रगड. दम खात कोकणकड्यापाशी यावे, तर तिथे पाचनईचा एक जण कांदाभजी तळत असतो. कांदे, बटाटे, तेल, पीठ, कढई सगळे त्याने पहाटे डोक्यावरून आणलेले असते. त्याच्यासमोर कॅलरी आणि ग्रॅम यांविषयी बोलू नये. दोन प्लेट घ्याव्यात. खजिनदाराला बोलू द्यावे, तो म्हणेल, “मी बैठकीत काय म्हणालो होतो?”

तोलार खिंडीतून खिरेश्वरला आणि तिथून खुबी फाट्यावर आल्यावर उरलेल्या शिध्याचा प्रश्न येतो. उरलेले पुष्कळ असते: एक आख्खी रात्र, बरणीतले अर्धे तूप, गूळपोळ्या, खोबरे आणि होतकरू सदस्याने जिवापाड जपलेला सबंध शेवटचा दिवस. कल्याणची एसटी वळणावर दिसू लागते. नेत्याने अशा वेळी पुन्हा गंभीर व्हावे, सर्वांच्या सॅका उघडायला लावाव्यात आणि सगळ्या पुड्या एकेक करून आपल्या सॅकमध्ये घ्याव्यात. “जड मी घेतो,” असे म्हणावे आणि खिडकीची जागा पकडावी.