कोयनेत बदलून आलेल्यांसाठी भूकंपाचे शिष्टाचार

पाटण तालुक्यात बदलीची ऑर्डर हातात पडली की माणूस आधी शाळेची, दवाखान्याची आणि एसटीच्या वेळांची चौकशी करतो. भूकंपाची चौकशी कोणी करत नाही आणि घरमालकही आपण होऊन सांगत नाही. भाडेकरू हातचा जायला नको. मग पहिल्याच धक्क्याला नवखा माणूस टॉवेल गुंडाळून रस्त्यावर येतो आणि पुढची बदली होईपर्यंत ‘टॉवेलवाले साहेब’ म्हणून ओळखला जातो. हे टळावं, म्हणून पुढील सूचना लोकहितार्थ प्रसिद्ध करीत आहोत.

१. आधी कुंडली समजून घ्यावी.
कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयात साठच्या दशकाच्या सुरुवातीला पाणी चढू लागलं आणि पाठोपाठ धक्के सुरू झाले. खालचा खडक आधीच ताणाखाली होता. वरून पाण्याचा भार आला, भेगांतून पाणी झिरपलं आणि खडकाला सरकायला निमित्त मिळालं, असं भूशास्त्रज्ञ सांगतात. तेव्हापासून जगभरचे अभ्यासक धरणामुळे होणाऱ्या भूकंपाचं उदाहरण म्हणून कोयनेचं नाव घेतात. कऱ्हाडला केंद्र सरकारची खास प्रयोगशाळा आहे, आणि गोठणे गावाजवळ जमिनीत तीन किलोमीटर खोल छिद्र पाडून झालं आहे. इतक्या खोल जाऊन विचारपूस केली, तरी पुढचा धक्का कोणत्या तारखेला, किती वाजता, हे कोणालाच सांगता येत नाही. तेव्हा टपरीवर जो कोणी वार आणि वेळ सांगेल, त्याच्या चहाचे पैसे आपण देऊ नयेत.

२. ‘जाणवला का?’ या प्रश्नाला योग्य उत्तर द्यावं.
धक्का ओसरला की शेजारी हाच प्रश्न विचारणार. ‘घाबरलात का?’ असं विचारणं इथं असभ्य समजतात. ‘नाही जाणवला’ म्हणालात तर तुमची गणना अडाण्यांत, आणि ‘बाप रे, केवढा मोठा होता!’ म्हणालात तर पाहुण्यांत. जुनी माणसं मधला मार्ग काढतात: “मला वाटलं, म्हस खांबाला अंग घासतीया.” ज्याच्या गोठ्यात म्हैस नाही, त्यानं वरच्या मजल्यावरच्या कुटुंबावर ढकलावं. पुण्याहून फोन आला, तर मात्र आवाज किंचित थरथरता ठेवायला हरकत नाही. नातेवाइकांनी पैसे खर्चून फोन केलेला असतो, त्यांना काहीतरी मिळायला हवं.

३. तीव्रता मांडणीवरून मोजावी.
स्वयंपाकघरात भिंतीला ठोकलेली स्टीलची मांडणी हे या खोऱ्यातलं सर्वमान्य उपकरण. नुसत्या वाट्या किणकिणल्या, तर आजी कूस बदलते आणि म्हणते, “तीनच्या आतला हाय, झोप.” ताटं वाजली तर ती उठून बसते. फुलपात्रं घरंगळून ओट्यावर आली, तर चप्पल शोधते. आजीचा आणि सरकारचा आकडा जुळला नाही, तर घरात सरकारच चुकलेलं असतं.

आजीला फक्त एक गणित समजावून सांगा. आकडा एकाने वाढला की बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे बत्तीस पटींनी वाढते. म्हणजे ३.३ आणि ६.३ यांत ‘दुप्पट’ हा फरक नव्हे. तो तीसेक हजार पटींचा आहे. छोट्या धक्क्यांची सवय झाली म्हणून मोठ्याचीही झाली, असं समजणाऱ्यानं हा हिशेब मांडणीशेजारी लिहून ठेवावा.

४. बातमीचं शेवटचं वाक्य आधी वाचावं.
दुसऱ्या दिवशी पेपरात केंद्रबिंदूचं अंतर येतं, हेळवाकपासूनची दिशा येते, खोली येते आणि शेवटी ‘धरण सुरक्षित आहे’ असं येतं. नवखा माणूस या वाक्यानं निर्धास्त होतो. मुरलेला माणूस त्यातलं न छापलेलं वाचतो: घराचं तुमचं तुम्ही बघा. १९६७च्या मोठ्या भूकंपात धरणाला भेगा गेल्या होत्या. नंतर मागून काँक्रीटचे भक्कम टेकू देऊन ते मजबूत केलं. आपल्या न्हाणीघराच्या भिंतीला गेलेल्या भेगेवर मात्र आपण गेल्या वर्षीचं कॅलेंडर लावलेलं असतं.

५. हादरत असताना विनोद करू नये.
त्या वेळी हातांना दुसरं काम असतं. खाली बसावं, मजबूत टेबलाखाली शिरावं आणि पाय धरून ठेवावा, टेबलाचा. बहुतेक घरांत टेबलाखाली बटाट्यांचं पोतं असतं आणि दिवाणात गोधड्या कोंबलेल्या असतात. ही जागा शांततेच्या काळातच मोकळी करावी. वरच्या मजल्यावर असाल तर जिन्याकडे पळू नये. बाहेर आलात तर भिंतीपासून आणि विजेच्या खांबापासून लांब उभं राहावं. बातमी सांगण्यासाठी कंपाउंडच्या भिंतीला टेकू नये. उशाशी बॅटरी आणि चप्पल असावी. लुंगीही असावी. कारण वर दिलं आहे.

६. आधी माणसं मोजावीत, मग हसावं.
या सूचनांतली हीच एक सक्तीची. ११ डिसेंबर १९६७ला पहाटे सव्वाचारच्या पुढे ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. कोयनानगर आणि भोवतालची गावं झोपेत होती. पावणेदोनशेहून अधिक माणसं गेली, हजारो घरं पडली. पुढे ३० सप्टेंबर १९९३ला, अनंत चतुर्दशीनंतरच्या पहाटे, किल्लारीच्या भूकंपात जे झालं ते साऱ्या महाराष्ट्रानं पाहिलं. तिथं जीव घेतला तो मुख्यतः मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींनी आणि डोक्यावरच्या माळवदांनी.

म्हणून इथं हजेरी झाल्याशिवाय कोणी थट्टा करत नाही. बाहेर आल्यावर नावं घेतली जातात: म्हातारी आली का, पोरं आली का, शेजारचा एकटा राहणारा मास्तर दिसतोय का. सगळ्यांची ‘ओ’ मिळाली की मग कोणीतरी मास्तरांच्या उलट्या बनियनकडे बोट दाखवतो आणि आख्खी आळी हसते. हे हसू सवयीतून आलेलं नाही. हजेरी पूर्ण भरल्याचा आनंद लोक असा साजरा करतात. सदुसष्टवर विनोद करायचा अधिकार ज्यांनी ती पहाट पाहिली त्यांनाच आहे, आणि ते तो सहसा वापरत नाहीत. आपण तर नाहीच नाही.

७. विनोदाला भिंत सावरता येत नाही; त्याला गवंडी लागतो.
कपाट भिंतीला पट्टीनं जखडून घ्यावं, माळ्यावरचं पितळेचं घंगाळ खाली आणावं, कॅलेंडर उचलून मागची भेग एकदा बघावी. आणि गवंड्याला आजच बोलवावं. एरवीसुद्धा तो ‘उद्या येतो’ म्हणून पंधरा दिवस लावतो. मोठा धक्का बसल्यावर तर तो फोनच उचलणार नाही.