मालकाच्या नावाचा रकाना

नंदुरबारात कुत्रा असतो पुष्कळांकडे, पाळलेला मात्र थोड्यांकडेच. गल्लीच्या तोंडाशी पसरलेला तो तांबूस मोत्या सकाळी एका घरची कळण्याची भाकरी खातो, दुपारी दुसऱ्या घरची उरलेली खिचडी, आणि रात्री तिसऱ्याच घराच्या ओट्यावर बसून चोरांवर नजर ठेवतो. नाव घरागणिक बदलते. कुणाचा मोत्या, कुणाचा (तांबूस असूनही) काळू, पोरांचा टायगर. हाकेला तो सगळ्याच नावांनी येतो, कारण हाकेमागे बहुधा ताट असते. असा हा सुखी जीव अडतो तो कागदावर. लसीकरणाचे कार्ड घ्या, नगरपरिषदेतली नोंद घ्या, सगळीकडे कुत्र्याच्या नावाआधी मालकाचे नाव विचारलेले असते.

२०२४ च्या ऑक्टोबरात एकविसावी पशुगणना सुरू झाली. तिच्यात गाई-म्हशी, शेळ्या-कोंबड्यांबरोबर कुत्रीही मोजायची असतात. पाळीव वेगळी, भटकी वेगळी. आता प्रगणक ओट्याशी उभा आहे, मोत्या त्याच्या पायाशी शेपटी आपटतो आहे, आणि विचारल्यावर घरातले आबा सांगताहेत, "आमनाच शे, पन फक्त आमना नही." या उत्तरासाठी तक्त्यात जागा कुठली? सगळ्या घरांनी असे प्रामाणिक उत्तर दिले, तर मोत्या एकतर गल्लीभर मोजला जाणार किंवा कुठेच नाही.

कायद्यालाही हे कोडे सुटायला वेळ लागला. २००१ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत कुत्र्यांचे दोनच वर्ग होते, पाळीव आणि रस्त्यावरचे. २०२३ मध्ये नवे नियम आले आणि त्यांत रस्त्यावरचा कुत्रा ‘सामुदायिक प्राणी’ झाला. म्हणजे आबांचे म्हणणे दिल्लीत मान्य झाले म्हणायचे. या नियमांनुसार अशा कुत्र्याला पकडायचे, त्याची नसबंदी करायची, रेबीजची लस टोचायची आणि जिथून उचलला तिथेच आणून सोडायचा. ओळख पटावी म्हणून त्याच्या कानाला छोटी खाच देतात. ज्याच्या कानाला खाच, तो सरकारी पाहुणचार घेऊन आलेला. घरच्या कुत्र्याची नसबंदी मात्र ज्याची त्याने करून आणायची.

खाऊ घालण्याचेही नियम आहेत. जागा ठरलेली हवी. ती मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून, जिन्यापासून, येण्याजाण्याच्या दारापासून दूर हवी. वेळ ठरलेली हवी. खरकटे मागे राहता कामा नये. २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक वॉर्डात अशी जागा नेमून द्यायला सांगितले आणि रस्त्यात कुठेही खाऊ घालायला मनाई केली. हे वाचताना मला उगाच नामदेव महाराजांची काळजी वाटली. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावायचे, तेही भर रस्त्यातून, वॉर्ड न विचारता! थोडे पुढे गेले की दत्तमहाराज आहेतच. त्यांच्या पायाशी चार कुत्री, आणि ते चार वेद आहेत अशी श्रद्धा; गळ्यात पट्टा कुणाच्याही नाही. आपल्याच जिल्ह्यात सारंगखेड्याला दत्तजयंतीची मोठी यात्रा भरते, तापीकाठी लाखांच्या बोल्या लागतात, पण त्या घोड्यांवर. देव ज्यांना जवळ घेऊन उभा आहे, ती मंडळी त्याच यात्रेत भज्यांच्या गाड्याखाली फुकट हिंडत असतात. त्यांना त्याचे काही वाटत नसावे. भजी कुणाला मिळतात हेही पाहिले पाहिजे.

पाळलेल्या कुत्र्याचे आयुष्य त्यामानाने कष्टाचे. इकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडून बराच वर जातो, आणि अशा गावात हौसेने हस्की आणणारे लोक आहेत. सैबेरियाच्या बर्फात गाडी ओढणाऱ्याचा हा वंशज कूलरसमोर दिवसभर पडून असतो आणि त्याची गाडी मालक ओढतो. आजारी पडला की सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना. तिथे अंगणात लोखंडी नळ्यांचा खोडा असतो, गाय-बैल धरायला. समोर बैल, त्यामागे पोट फुगलेली म्हैस, चार शेळ्या, आणि शेवटी ओढणीत गुंडाळलेला पॉमेरेनियन घेऊन उभ्या असलेल्या ताई. बैलावर घराचे पोट चालते, त्यामुळे नंबर त्याचा आधी लागला तर ताईंनाही राग येत नाही. पॉमेरेनियनला येतो. खोडा त्याच्या कामाचा नाही. तोंडाला सुती पट्टी बांधून त्याला दोघांनी धरायचे आणि तिसऱ्याने टोचायचे. दवाखाना लांब असेल तर १९६२ या टोल फ्री क्रमांकावर फिरते पथक बोलावता येते. हा आकडा ऐकला की जुन्या माणसांना चीन आठवतो, म्हणून ते नातवाला फोन लावायला सांगतात.

वर सातपुड्यात, धडगाव-अक्कलकुव्याकडे, ही सारी चर्चा हास्यास्पद ठरते. तिथे पाड्यातली घरे एकमेकांपासून लांब, आपापल्या शेतात. कुत्रा शेळ्या राखतो, मका राखतो, आणि परका माणूस दिसला तर तो पोचण्याआधी घराला कळवतो. त्याला साखळीत फिरवणे म्हणजे रखवालदाराला हातकडी घालून पहाऱ्यावर पाठवणे. शिवाय बिबट्या आहेच. तो खाली शहादा-तळोद्याच्या उसातही असतो, आणि त्याला कुत्रा फार आवडतो. अकोले तालुक्यातल्या उसाच्या पट्ट्यात बिबट्यांच्या आहाराचा अभ्यास झाला, तेव्हा त्यांच्या खाण्यात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचाच निघाला. या नोकरीला विमा नाही.

खरी गंमत मोत्या कुणाला तरी चावल्यावर होते. चावेपर्यंत तो सगळ्यांचा असतो. चावला की कालपर्यंत भाकरी घालणारे घर म्हणते, तो तर शेजारच्यांचा. शेजारी म्हणतात, छे, तो खालच्या गल्लीतून येतो. हा शहाणपणा अगदीच निराधार नाही. ताब्यातल्या जनावराबाबत हयगय केली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. इतका वेळ रिकामा राहिलेला मालकाचा रकाना पोलिसांच्या कागदावर कोण भरणार?

ही वादावादी चालू असताना ज्याला चावला तो बाजूलाच राहतो, आणि कुणीतरी अनुभवी माणूस जखमेत तिखट भरायला पुढे होतो. मिरचीच्या गावात तिखटाची वाण नाही. शहराबाहेरच्या पथाऱ्यांवर हंगामात मैलभर लाल दिसते, आणि तिथे कुत्रा लोळताना मी कधी पाहिला नाही. त्याला जेवढे कळते तेवढे आपल्याला कळत नाही. जखम नळाच्या वाहत्या पाण्याखाली साबणाने चांगली पंधरा मिनिटे धुवायची, वर तिखट, हळद, चुना काही लावायचे नाही, आणि तडक सरकारी रुग्णालय गाठायचे. बेंबीभोवतीची चौदा इंजेक्शने केव्हाच इतिहासजमा झाली. आता कातडीत देण्याची लस शून्य, तीन, सात आणि अठ्ठावीस अशा दिवशी देतात. चावा खोल असेल तर जखमेतही वेगळे इंजेक्शन देतात. कुत्र्याला आधीच लस दिलेली असली तर रेबीजचा धोका बराच कमी होतो. तीन महिन्यांच्या पिलाला पहिली, मग दरवर्षी. २८ सप्टेंबर हा रेबीज दिन. त्या सुमारास ठिकठिकाणी मोफत शिबिरे होतात. तिथे मोत्याला दोरी बांधून नेणारा माणूस गल्लीत एक तरी निघावा. कार्डावर त्याचे नाव लागेल हे खरे, पण चावण्याच्या खटल्यात हेच कार्ड कामाला येते.

प्रवासाचे नियम वाचले की मोत्याचा हेवा वाटतो. घरचा लॅब्राडोर नंदुरबारहून रेल्वेने न्यायचा तर फर्स्ट एसीचा अख्खा कूपे आपल्या नावावर हवा, नाहीतर गार्डच्या डब्यातली कुत्र्याची पेटी. मोत्याच्या नातलगांना मात्र आजवर सबंध फलाट होता, बिनतिकीट. ७ नोव्हेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वेस्थानके इथून भटकी कुत्री हलवून निवाऱ्यात न्यायला सांगितले, आणि परत तिथेच सोडायचे नाही असेही. लॅब्राडोरच्या मालकांना त्याने फरक पडत नाही. कूपे परवडत नाही आणि पेटीत ठेवायला मन होत नाही, म्हणून इकडची कुत्री सुरतेला जातात ती छोट्या हत्तीतून.