एका रुपयाची बाकी

अंबाजोगाईची एक गल्ली. तारेच्या कुंपणाच्या अलीकडं काकू, पलीकडं बचत गटाची सचिव वहिनी.

– काय करायलीस गं वहिनी? जरा इकडं ये. लांबून बोलायची गोष्ट न्हाई ती.

– आले काकू. काय झालं?

– गटाला दहा लाखाचं कर्ज आलं म्हणं. सातजणींनी वाटून घेतलं.

– व्हय की. एकेकीला एक लाख बेचाळीस हजार आठशे सत्तावन्न.

– अन् वरचा रुपया सचिवबाईनं गिळला, अशी गल्लीत चर्चा हाय!

– अहो, १,४२,८५७ ला सातानं गुणा की. ९,९९,९९९ येतात. रुपया उरणारच. तो पेटीत हाय, वहीत नोंद हाय.

– सगळे नऊच? लई नखऱ्याचा आकडा दिसायलाय.

– नखरे तर पुढंच हायेत. आमच्या पोरीनं त्याच्यापायी वहीची पानं भरली. दोनानं गुणलं की २,८५,७१४, तिनानं ४,२८,५७१, चारानं ५,७१,४२८. पंगतीत माणसं तीच, शेजारी तेच. पहिल्या पाटावर कोण, तेवढंच बदलतं. पाचानं, सहानं गुणलं तरी तसंच.

– असं का गं?

– एकाला सातानं भागत गेलं की हेच आकडे येत राहतात, अन् ३, २, ६, ४, ५, १ अशा बाक्या उरतात. एक आली की भागाकार पुन्हा पहिल्यापासून. दोनाला भागलं तरी तीच साखळी, फक्त मधल्या कडीपासून धरायची.

– अगं बाई!

– थांबा. आपल्या आकड्याचा वर्ग होतो २०४०८१२२४४९. त्याचे २०४०८ आणि १२२४४९ असे तुकडे पाडा, बेरीज करा. परत १,४२,८५७! असल्यांना कापरेकर संख्या म्हणतात.

– हे कापरेकर कुठले?

– डहाणूत जन्मले, १९०५ साली. देवळालीला शाळेत मास्तर होते, १९६२ पर्यंत. शिक्षण बीएस्सी, त्यामुळं मोठे गणितवाले म्हणायचे, हा पोरखेळ हाय. मग १९७५ मध्ये अमेरिकेच्या मार्टिन गार्डनरनं ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांच्यावर लिहिलं, अन् जगभर नाव झालं. अंकांच्या बेरजेनं ज्या संख्येला पुरता भाग जातो, तिला त्यांनी ‘हर्षद’ म्हटलं. आपल्या आकड्याची बेरीज २७. भाग लावला तर ५,२९१, बाकी काही न्हाई.

– म्हंजे ह्यात बी पास! बरं, दहा लाखाला आठानं भागलं तर?

– बरोबर सव्वा लाख. बाकी शून्य.

– मग पुढच्या कर्जाला आठवी मला धरा. ना रुपयाची भानगड, ना गल्लीत चर्चा.

– तरीच म्हणलं काकू, ती चर्चा निघाली कुणाच्या घरातून!