जळण आमचे, बंब तुमचा

मुक्काम रिद्धपूर, तालुका मोर्शी, जिल्हा अमरावती

मेहेरबान अग्निशमन अधिकारी साहेब यांचे सेवेशी,

आपले दल दरसाल 14 ते 20 एप्रिल या सप्ताहात लोकशिक्षणार्थ जी व्याख्याने, जी प्रात्यक्षिके आणि जी रंगीत पत्रके सिद्ध करते, त्यांपैकी एक पत्रक, तालुक्याच्या बाजारातून मिरचीच्या पुड्याभोवती गुंडाळले जाऊन का होईना, पण अखेर रिद्धपुरास येऊन पोचले, याची रीतसर पोच देण्यासाठी हा पत्रप्रपंच. सदर पत्रकातील आज्ञा आमचे गाव त्या वाचण्यापूर्वीपासूनच पाळीत आले आहे, हे कळविण्यास आनंद वाटतो. आग लागली असता लिफ्टने उतरू नये, असे आपण फर्मावता. आमच्या कवेलूच्या घरांतून आजतागायत एकही इसम लिफ्टने उतरलेला नाही. आपत्कालीन जिन्यात अडगळ ठेवू नये, हे आपले दुसरे फर्मान. जिनाच नसल्यामुळे आम्ही ती दारात ठेवतो.

आपल्यावर रोष धरण्याचे कारण नाही, कारण दोष वाटणीचा आहे. 1992 सालच्या दुरुस्त्यांनी आमच्या राज्यघटनेला दोन याद्या जोडल्या. अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपवावयाचे 29 विषय आहेत आणि बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांकडे सोपवावयाचे 18. नगरांच्या यादीत सातव्या क्रमांकावर अग्निशमन सेवा आहे. खेड्यांच्या यादीत ती शोधूनही सापडत नाही, परंतु बाराव्या क्रमांकावर ‘इंधन आणि वैरण’ ही नोंद मात्र ठळकपणे सापडते. म्हणजे जळणारा ऐवज खेड्याच्या हवाली आणि विझविण्याचे साधन शहराच्या हवाली! दोघा भावांत अशी वाटणी झाली असती, तर गावच्या पंचांनी ती त्याच बैठकीत फिरवून दिली असती.

या वाटणीमुळे बंब मोर्शीहून निघो, चांदूर बाजाराहून निघो की थेट अमरावतीहून, चैत्राच्या वाऱ्यात पेटलेली कडब्याची गंजी त्याची वाट पाहत थांबत नाही. बंबावरची माणसे जिवाच्या कराराने येतात, यात संशय नाही. पण येऊन ती निखारे भिजवितात, आणि नंतर तलाठी पंचनामा लिहितो. मग अग्निशिक्षणाची अधिक गरज कोणाला, ज्याच्या गल्लीच्या टोकाशी बंब उभा आहे त्याला, की ज्याला पहिला अर्धा तास स्वतःच बंब व्हावे लागते त्याला? आपली व्याख्याने मात्र पहिल्यालाच ऐकविली जातात.

साहेब, ज्या दिवसाच्या स्मरणार्थ आपला सप्ताह असतो, त्या दिवसाची कैफियतही एकदा आठवून पाहावी. 14 एप्रिल 1944 रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ नावाच्या जहाजाचा जो प्रलयंकारी स्फोट झाला, त्यात दारूगोळा होता हे सर्वांना ठाऊक असते. पण आग प्रथम लागली ती कराचीस चढविलेल्या कापसाच्या गठाणींत. शिडकाव्यामागून शिडकावे झाले, धूर येतच राहिला, आणि आगीचे मूळ नेमके कोठे आहे ते सापडेना. अग्निशमन दलाच्या 66 जवानांनी त्या दिवशी प्राण वेचले. कापसाची आग वरून विझली तरी पोटात धुमसत राहते, हा धडा इतक्या मोलाने विकत घेतला गेला. आणि ज्या वऱ्हाडात कापूस पिकतो, त्या वऱ्हाडास तो धडा शिकविण्याची तजवीज मात्र अद्याप व्हावयाची आहे.

येथील रीत अशी, की वेचलेला कापूस भाव चढेल या आशेवर माजघरात आढ्यापर्यंत रचून ठेवावयाचा. त्याच खोलीत देवापुढचा दिवा, त्याच खोलीत उंदराने कुरतडलेली वायर आणि त्याच खोलीत पोरे निजलेली. भाव चढत नाही, वायर मात्र तापते. उन्हाळा लागला, की तण जाळण्यासाठी धुऱ्यावर टाकलेली काडी वाऱ्यासरशी शेजाऱ्याच्या संत्र्याच्या बागेत शिरते, आणि बागेतील आग विझली तरी कोर्टातील पुढे कित्येक वर्षे धुमसते. शहरातील इमारतीच्या मालकास राज्याच्या 2006 च्या आग प्रतिबंधक अधिनियमाप्रमाणे आपली यंत्रे चालू असल्याचे प्रमाणपत्र जानेवारीत व जुलैत सादर करावे लागते. आमच्या येथे आलेल्या मराठी भाषा विद्यापीठाच्या दप्तरातही ते कागद पडतील. गोठ्याला आणि गंजीला असा कागद कोणी मागत नाही, आणि मागितलाच, तर तोही जळणातच जमा होईल.

पत्रकांवर आमचा विश्वास कमी असल्यास त्याला या भूमीचाच संस्कार कारण आहे. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात महानुभाव पंथाच्या म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या लीळा याच रिद्धपुरात ग्रथित केल्या, त्या घरबसल्या नव्हेत. ज्याने जे पाहिले, ऐकले, त्याच्याकडे स्वतः जाऊन, खोदून खोदून विचारून. पुढे परचक्राच्या धामधुमीत मूळ पोथी हरपली, तेव्हा ज्यांच्या स्मरणात ती होती त्यांच्या मुखातून ती पुन्हा सिद्ध झाली, असे पंथाची परंपरा सांगते. एवढ्या पाठांतराची सवय असलेल्या गावास चार गोष्टी तोंडी सांगितल्या, तर त्या वाया जाणार नाहीत: पेटत्या गोठ्यात दाव्याची गाठ सोडीत न बसता ते विळ्याने कापावे; पंगतीच्या कढईतील तेलाने पेट घेतला, तर पाणी ओतू नये, कारण ते तळाशी जाऊन क्षणात वाफ होते आणि जळते तेल आचाऱ्याच्या अंगावर फेकते, म्हणून आच बंद करून झाकण घालावे; सिलेंडरचा वायू हवेहून जड असल्याने जमिनीलगत साचतो, म्हणून वास येताच दारे उघडावीत आणि दिव्याच्या बटणाला हात लावू नये; वायरीमुळे आग लागल्यास पाण्याची बादली उचलण्याआधी मेन स्विच बंद करावा. आपणही म्हाइंभटांप्रमाणे घरोघर विचारीत गेलात, तर ज्यांच्या गंजी जळल्या ते शेतकरी आपणास दोन गोष्टी सांगतील, ज्या पत्रकात नाहीत.

तेव्हा अर्ज एवढाच, की येत्या वर्षी एप्रिलची वाट न पाहता, कापूस घरात असतानाच, पौषात एखादा दिवस नेमून कळवावा. कोतवालाकरवी दवंडी आम्ही देऊ. बंब आणण्याची तसदी घेऊ नये. पत्र्याच्या पात्रात डिझेल पेटवून यंत्राची पिन ओढण्याचे प्रात्यक्षिकही राहू द्यावे, कारण ते यंत्र आमच्याकडे नाही. गावाबाहेर मोकळ्या रानात, वारा पडलेला पाहून, कुजक्या कडब्याची एक गंजी आम्ही रचून ठेवू. ती आपण पेटवावी, विहिरीचे पाणी, ओली गोणपाटे आणि दाताळी घेऊन आम्ही विझवावी, आणि आमचे जेथे चुकेल तेथे आपण आम्हांस सर्वांदेखत रागवावे. जेवणाची व्यवस्था गावाकडे लागली.



आपला नम्र,
रिद्धपूरचा एक रहिवासी