तलंग मिळेल का, तलंग?

सभ्य माणसांच्या वस्तीत हल्ली काय चाललंय, हे कुणीतरी उघडपणे बोलायला हवं. म्हणून बोलतो. सांगलीकडच्या एका तालुक्याच्या गावातली आमची बिगरशेती प्लॉटची कॉलनी. मास्तर, बँकवाले, दोन डॉक्टर, एक तलाठी आणि बाकी सगळे पेन्शनर. उकिरडा, शेण आणि पायात घोटाळणाऱ्या कोंबड्या यांपासून सुटका व्हावी म्हणून या मंडळींनी गावातली घरं सोडली, कर्जं काढली, अंगणात पेव्हर ब्लॉक बसवले. आणि आता त्याच ब्लॉकवर, गाडी लावायच्या जागेत, जाळी मारून खुराडी उभी राहिली आहेत. गाडी पावसात भिजते आणि पत्र्याखाली कोंबड्या!

सकाळी फिरायला जाणारे पूर्वी शुगर, गुडघे आणि सूनबाई या क्रमानं बोलायचे. आता ऐकू येतं ते असं : ‘बसली का तुमची?’ ‘बसली की. तेरा ठेवलीत.’ ‘आमची उठते हो सारखी.’ नवखा माणूस दचकेल. पण चर्चा अंड्यांवर बसवलेल्या कोंबडीची असते. खुडूक कोंबडी म्हणजे बिनकामाची, तिला पाण्यात बुचकळून काढा, असं म्हणण्यात ज्यांच्या आयांचा जन्म गेला, त्यांची मुलं आज दारोदार विचारत फिरतात, ‘महिनाभर खुडूक द्याल का?’ कारण ज्या मानाच्या जातींवर यांनी पैसे ओतले, त्या कडकनाथीणबाईंना अंड्यांवर बसण्याची फारशी हौस नाही. अंडी त्यांची, ऊब गावठीची. आणि मोबदला? अर्धलीनं! निम्मी पिल्लं खुडूकवाल्याची. गावाकडे शेळीचा असा व्यवहार चालायचा, तो आता कुरिअर कंपनीच्या निवृत्त मॅनेजरानं कोंबडीसाठी केलाय. तोही तोंडी. हमी म्हणून फक्त शेजाऱ्याचा चेहरा.

खरा गहजब मात्र गल्लीच्या टोकाच्या काकूंनी केला. त्यांच्या घरात अंड्याचं नाव निघालं तरी देवघराचं दार लोटलं जायचं. त्यांच्याकडे आता सात कोंबड्या आहेत. ‘आम्ही खात नाही हो, नुसत्या पाळतो,’ असं सांगत काकू रोज सकाळी अंडी विकतात. पैसे डाव्या हातानं घेतात आणि मगच आंघोळीला जातात. चातुर्मासात विकाल का, असं विचारल्यावर म्हणाल्या, ‘कोंबडीला कुठं चातुर्मास असतो?’ यावर शास्त्रात काय उत्तर आहे ते अजून कुणाला सापडलेलं नाही.

आता पैशांचं बोलू, कारण सगळ्यात जास्त खोटं तिथंच बोललं जातं. कोंबडी दिवसाला शंभरेक ग्रॅम दाणा खाते. चाळीस रुपये किलोचं खाद्य धरा. वर्षाचे झाले १४६० रुपये. अस्सल गावठी कोंबडी वर्षाला साठ-सत्तर, फार तर ऐंशी अंडी देते. बारा-पंधरा घालायची, खुडूक व्हायचं, पुन्हा महिनाभर रुसायचं, हा तिचा स्वभाव. म्हणजे घरचं अंडं पडलं वीस रुपयांच्या आसपास, आणि काकू ते विकतात पंधराला. कोपऱ्यावरच्या दुकानात फार्मचं अंडं सात-आठ रुपयांना मिळतं, कारण तिथली कोंबडी वर्षाला तीनशेच्या वर अंडी देते आणि रुसत नाही. गावाकडे हा हिशेब जुळायचा, कारण तिथं कोंबडी उकिरडा उकरून, खळ्यावरचं वेचून, किडे-वाळवी खाऊन स्वतःचं पोट स्वतः भरायची. पेव्हर ब्लॉक उकरून काय मिळणार? गिरिराज आणा, वनराजा आणा, अंडी वाढतील, पण त्याबरोबर दाणाही वाढेल.

मग हे सगळे फायद्यात कसे? सगळे फायद्यात आहेत, असं प्रत्येकानं मला शपथेवर सांगितलंय. मेख अशी की कुणीच अंड्यांवर जगत नाही. पैसा पिल्लांत आहे, आणि त्याहून तलंगीत. तलंग म्हणजे अंड्यावर यायच्या बेतातली वयात आलेली कोंबडी. चार-पाच महिने उसाभर करायची, मानमोडी आणि देवीतून वाचवायची, आणि ज्याला कालच हा नाद लागलाय त्याला विकायची. तो पुढे त्याच्या मेहुण्याला विकतो. पशुसंवर्धन खात्यानंसुद्धा तलंगांचे गट अनुदानावर वाटले आहेत, पंचवीस माद्या आणि तीन नर अशा हिशेबानं. तेव्हापासून आमचे तलाठी ‘गट’ हा शब्द जमिनीपेक्षा जास्त कोंबड्यांसाठी वापरतात. बाजाराच्या दिवशी एसटी स्टँडमागे डालगी उतरली की ही सुशिक्षित मंडळी पिसं फुंकून, पायाचे खवले चाचपून वय ओळखतात. मुलीचं स्थळ बघताना एवढी चौकशी केली नव्हती.

हा नवशिक्यांच्या जिवावर चालणारा बाजार आमच्या जिल्ह्याला नवा नाही. कडकनाथ आठवतो ना? मूळचा झाबुआकडचा, भिल्ल-भिलालांच्या अंगणातला पक्षी. पिसं, कातडी, मांस, हाडं, सगळंच काळं. २०१८ मध्ये झाबुआला त्याचं भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्याआधी मध्य प्रदेश आणि छत्तीसगड या दोन राज्यांनी एका कोंबड्यावरून भांडून घेतलं. पुढे धोनीनं रांचीच्या फार्मसाठी त्याची २००० पिल्लं मागवली, आणि मग काय विचारता! पण आमच्याकडची गोष्ट धोनीच्या आधीची. पैसे भरा, पिल्लं न्या, वाढवा, चढ्या भावानं अंडी-पक्षी आम्हीच परत घेऊ, अशी योजना इस्लामपुरातल्या एका कंपनीनं चालवली. २०१९ मध्ये ती कोसळली, हजारो शेतकऱ्यांचे पैसे अडकले, गुन्हे दाखल झाले. त्याच वर्षी सप्टेंबरात मुख्यमंत्र्यांच्या महाजनादेश यात्रेच्या ताफ्यापुढे कडकनाथ कोंबड्या आणि अंडी फेकली गेली. पुढचा ग्राहक यायचा थांबला की काय होतं, ते जिल्ह्यानं रस्त्यावर बघितलंय. तरीही परवा आमच्या डॉक्टरांनी कडकनाथाची अंडी आणली आणि काळी नाहीत म्हणून विकणाऱ्याशी भांडले. अहो डॉक्टर, कडकनाथाचं अंडं फिकट बदामी असतं! तुम्ही एमबीबीएस ना?

भारतीय काळ्यावर मन भरलं म्हणून एका घरात ‘इम्पोर्टेड’ ब्रह्मा आला. जोडीचे किती हजार मोजले ते वहिनींना अजून माहीत नाही, म्हणून इथं लिहीत नाही. पायावर पिसांची सुरवार, चाल मामलेदाराची. त्याची कुळकथा ऐकण्यासारखी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला इंग्लंड-अमेरिकेत कोंबड्यांचं असंच वेड पसरलं होतं. चीनकडून आलेल्या थोराड पक्ष्यांवरून अमेरिकेत ही जात घडली आणि नाव पडलं ‘ब्रह्मपुत्रा’, आखूड करून ब्रह्मा. जॉर्ज बर्नहॅम नावाच्या व्यापाऱ्यानं १८५२ मध्ये असे पक्षी व्हिक्टोरिया राणीला फुकट पाठवले, राणीकडून आभार आले, आणि त्या आभारांच्या जाहिरातीवर गडी भरपूर कमावून बसला. वेड ओसरल्यावर १८५५ मध्ये त्यानंच या वेडाची टिंगल करणारं पुस्तक लिहून विकलं. आमच्या कॉलनीत पुस्तक लिहिण्याच्या टप्प्याला अजून कुणी आलेलं नाही.

मास्तरांनी तर थर्माकोलच्या खोक्यात बल्ब आणि थर्मोस्टॅट बसवून घरीच उबवणी यंत्र केलं. साडेसदतीस अंश, एकवीस दिवस, अठराव्या दिवसापर्यंत अंडी फिरवायची. गुरुवारी वीज गेली की मास्तर खोक्याला दुलई गुंडाळून शेजारी बसतात. मास्तरीणबाई म्हणतात, ‘माझ्या तीन बाळंतपणांत हे एकदासुद्धा रजेवर नव्हते.’ पिल्लं निघाली की पाचव्या-सातव्या दिवशी मानमोडीवरच्या लासोटा लशीचा थेंब डोळ्यात घालायचा. लशीची कुपी शंभर पिल्लांची, एकदा कालवली की लगेच संपवावी लागते. म्हणून अख्खी कॉलनी आपापली पिल्लं बुटांच्या खोक्यांतून घेऊन मास्तरांच्या ओट्यावर जमते. स्वतःची बीपीची गोळी विसरणारे लोक ही तारीख विसरत नाहीत.

अंडी ठेवल्यापासून सातव्या रात्री मोबाइलची बॅटरी लावून अंड्यात जीव धरलाय का ते बघतात. सोनोग्राफीच ती. आणि खरी गंमत इथं आहे. घराघरांतून आवाज येतो, ‘मुलगी असू दे रे देवा!’ ज्या समाजाला गर्भलिंगनिदान थांबवायला १९९४ मध्ये कायदा करावा लागला, त्याला कोंबडीच्या पोटी मात्र लेकीच हव्यात. टोकदार अंड्यातून नर, गोल अंड्यातून मादी, असले आडाखे पदवीधर माणसं सांगतात. प्रत्यक्षात निम्मे नर निघायचे ते निघतातच. वर आणखी अन्याय बघा. माणसांत लिंग ठरतं ते बापाकडून, पण बोल लागतो आईला. पक्ष्यांत ते ठरतं मादीकडून, आणि परवा मास्तर तेरातले नऊ नर निघाले म्हणून कोंबडा बदलायला निघाले होते!

तर सध्या कॉलनीत नर फार झालेत. पहाटे चारला एक सुरू करतो, त्याला पलीकडच्या गल्लीतून उत्तर येतं, मग सभाच भरते. सोसायटीच्या बैठकीत हा विषय निघाला, पण तक्रार कोण करणार? अध्यक्षांचेच चार. कापावेत, तर प्रत्येकाला नाव ठेवलंय. घरात वाढलेल्या ‘राजा’चा तांबडा रस्सा नातवंडांना कसा वाढायचा? काकू तर काय, विषयच नको. विकावेत, तर गटारीला चढलेला भाव श्रावण लागताच उतरतो.

गटारीच्या आदल्या दिवशी किराणा दुकानाच्या शटरवर मास्तरांच्या वळणदार अक्षरात कागद लागला : ‘उत्तम जातीचे तीन नर देणे आहेत. फक्त पाळणाऱ्यासच.’ संध्याकाळपर्यंत खाली कुणीतरी पेन्सिलीनं लिहिलं होतं : ‘वजन किती भरेल?’ आणि त्याखाली, त्याच वळणदार अक्षरात : ‘दोन किलोच्या आत-बाहेर.’