मालचा महालातली बेगम

वहिनी, पापड वाळत घातलेत ना? मग या कठड्यापाशी. काल विट्याच्या पाहुण्यांना मालचा महाल दाखवून आणला. महाल कसला डोंबलाचा! चाणक्यपुरीमागच्या रिजच्या जंगलात विलायती किकरचे काटे चुकवत जायचं, शेजारी इस्रोचं केंद्र, आणि पुढ्यात दगडी कमानी. ना दार ना खिडकी. आत पाऊल टाकलं की वटवाघळांचा उग्र वास. चौदाव्या शतकात फिरोजशाह तुघलक शिकारीला आला की उतरायचा म्हणे तिथं.

पण तुघलकाचं राहू द्या हो, खरी गंमत बेगम विलायत महलची. सत्तरच्या दशकात ही बाई नवी दिल्ली स्टेशनच्या व्हीआयपी वेटिंग रूममध्ये ठाण मांडून बसली. मुलगा, मुलगी, नोकर, गालिचे, हे एवढाले कुत्रे, सगळा लवाजमा! म्हणे, आम्ही अवधच्या वाजिद अली शाहचे वंशज, आमची इस्टेट परत करा. वर्षानुवर्षं हलली नाही. शेवटी सरकारनं हे पडकं देऊ केलं आणि १९८५ साली तिघं तिथं राहायला गेली. वीज नाही, नळ नाही. १९९३ साली बेगम गेली, पोरं तिथंच राहिली. भेटायचं तर फक्त परदेशी पत्रकारांना. आपल्यासारख्यांच्या अंगावर कुत्रे!

आता ऐका. लेक गेली, मागोमाग २०१७ मध्ये मुलगा सायरसही गेला. मग न्यूयॉर्क टाइम्सच्या एलन बॅरीबाईंनी त्या घरातली कागदपत्रं धुंडाळली. त्यात निघाल्या वेस्टर्न युनियनच्या पावत्या! इंग्लंडातून कोण पैसे धाडतंय म्हणून माग काढला, तर ब्रॅडफर्डला भाऊ, लोखंडकाम करणारा. आणि हे राजपुत्र सायरस म्हणजे मिकी बट. वडील लखनौ विद्यापीठात रजिस्ट्रार होते. २०१९ साली सगळं छापून आलं.

आमचे हे सोनं-चांदी गाळणारे गलाईवाले ना, म्हणाले, "भट्टीत घातल्याशिवाय कळत नाही." मी म्हटलं, तुम्हाला नाही हो, सरकारला सांगा ते. आपल्याला रेशनकार्डावर सुनेचं नाव चढवायला किती कागद लागले! आणि हिला अख्खा महाल, तोंडी.

तरी एक सांगू? सोंग म्हणावं तर इतकी वर्षं अंधारात, विंचूकाट्यात कोण काढतं? मला वाटतं, तिचं तिला खरंच वाटत असणार.

२०२३ साली दिल्ली टुरिझमनं तिथं भुताखेतांच्या फेऱ्या सुरू केल्या, तिकीट लावून. आमच्या पाहुणीला परत जायचंय. तुम्ही येताय? अगंबाई, कावळा! पापड, पापड!