तीन तासांत अमेरिका

मुलीने तिकिटं पाठवली. दिल्लीहून पहाटे चारला सुटायचं आणि सॅन फ्रान्सिस्कोला सकाळी सातला पोहोचायचं, तेही त्याच तारखेला. सातातून चार गेले, उरले तीन. मी लगेच सोसायटीच्या कट्ट्यावर जाहीर केलं की अमेरिका आता कोल्हापूरपेक्षा जवळ आली. पुण्याहून एसटी यापेक्षा जास्त वेळ घेते. सगळ्यांनी माना डोलावल्या. (आमच्या कट्ट्यावर माना कशालाही डोलतात.) शेवटी पाचवीतली एक मुलगी म्हणाली, "आजोबा, तिकडचं घड्याळ मागे असतं ना?"

असतं. उन्हाळ्यात साडेबारा तास, हिवाळ्यात साडेतेरा. म्हणजे तीन अधिक साडेबारा.

गेलेली अब्रू भरून काढायला मी भूगोलात शिरलो. भिंतीवरच्या नकाशात अमेरिका डावीकडे, म्हणून दिल्लीपासून दोरा डावीकडे ताणला: इराण, युरोप, अटलांटिक. कट्ट्यावर मार्ग समजावून झाला, तोवर तीच मुलगी शाळेचा पृथ्वीगोल घेऊन हजर. गोलावर दोरा ताणला तर तो सरळ उत्तरेला सायबेरियात शिरला, आर्क्टिक महासागरावरून गेला आणि अलास्कामार्गे खाली उतरला. हे सर्वांत जवळचं अंतर, सुमारे 12,400 किलोमीटर. मग काय, आपण ध्रुवाजवळून जाणार! ऐन मे महिन्यात मी हातातल्या बॅगेत स्वेटर आणि माकडटोपी भरली आणि बर्फ दिसावा म्हणून जादा पैसे मोजून खिडकी घेतली.

विमान सुटलं आणि पूर्वेकडे निघालं. पडद्यावर चीन आला, जपान आला, मग नुसतं निळं पाणी. "अहो, वैमानिकाला तुमचा दोरा दाखवला नव्हता का?" बायकोने विचारलं.

शेजारच्या तरुणाने उलगडा केला. या उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. ते पाठीशी घेतले तर लांबचा रस्ताही लवकर सरतो. एअर इंडियाने दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान आधी अटलांटिकवरून नेलं. ऑक्टोबर 2016 मध्ये ते पॅसिफिकवरून वळवलं, तेव्हा अंतर सुमारे 1,400 किलोमीटरने वाढून 15,300 च्या घरात गेलं, आणि तरी प्रवास साडेचौदा तासांत आटोपला, पूर्वीपेक्षा जवळजवळ दोन तास लवकर. वैमानिक किलोमीटर मोजत नाहीत, वारा आणि इंधन मोजतात. हे ऐकून मी माकडटोपी घातली. एसी फार होता, आणि तोंडही लपवायचं होतं.

येताना तोच वारा नाकासमोर, म्हणून वेळ जास्त. सोमवारी रात्री नऊला निघालो, उतरलो बुधवारी पहाटे. मंगळवारी माझा गणपतीचा उपास असतो. विमान सुटताच जेवण आलं. अमेरिकेत अजून सोमवार आहे म्हणत मी चिकन संपवलं. बायको म्हणाली, "दिल्लीत मंगळवार सकाळचे दहा वाजून गेलेत, आणि गणपती तिकडचा आहे."

उपास मोडला की नाही, जाणकारांनी कळवावं. पाचवीतल्या जाणकारांनी कळवलं नाही तरी चालेल.